आमच्याच घरात काहून?



या पानावर एरवी रक्तदाब, मधुमेह, बाळंतिणीचा आहार असे विषय येतात. आज मी देव, नशीब आणि मागचा जन्म यांच्याबद्दल लिहिणार आहे. पान मात्र आरोग्याचंच आहे. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांच्या प्रयोगशाळेत रक्त तपासताना या तिघांशी माझी जितकी गाठ पडली तितकी एखाद्या देवळातही पडली नसती.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. पूर्व विदर्भातलं तालुक्याचं गाव. एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचे डोळे पिवळसर, पोट पुढे आलेलं, हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडलेला. बोट टोचायला मी त्याचा हात हातात घेतला तर मनगटात तीन दोरे. काळा दोरा मांत्रिकाचा होता, हिरवा दर्ग्यातला. तिसरा पांढरा, आमच्याच विहारातल्या परित्राण पाठानंतर बांधलेला. मी नमुना घेतला, नागपूरला पाठवला. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला : एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण.

रिपोर्ट घ्यायला ती आली तेव्हा मी तिला आजाराचं नाव सांगितलं. तिनं नाव ऐकलं, पण विचारलं भलतंच. “ताई, आमच्याच घरात काहून जी? आमी त कोनाचं वाईट नाई केलं. मागच्या जन्मी काही केलं असन त मले काय मालूम.”

मी तेव्हा पंचविशीतली. पुस्तकं वाचून पक्की नास्तिक झालेली, त्यात तोंडाची फटकळ. मी ड्रॉवरमधून कात्री काढली, रांगेतल्या सगळ्यांसमोर तिन्ही दोरे कापले आणि तिला बावीस प्रतिज्ञांवर भाषण दिलं. घरात बाबासाहेबांचा फोटो लावता आणि मांत्रिकाकडे जाता, लाज नाही वाटत? असं बरंच काही. बाई काही बोलली नाही. पोराला कडेवर घेतलं आणि गेली. पुन्हा आली नाही. पुढच्या थंडीत उपकेंद्राच्या नर्सबाईंकडून कळलं की पोरगा गेला. ताप भरला होता, दोन दिवस झाडफूक चालली, तिसऱ्या दिवशी बैलगाडीत घातला तेव्हा उशीर झाला होता.

माझ्या कात्रीमुळे तो गेला असं मी म्हणत नाही. पण तिनं प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि मी उत्तराऐवजी बोलणी दिली. तिला उत्तर मात्र हवंच होतं. ते मांत्रिकाकडे तयार होतं.

मांत्रिकाचं उत्तर लोकांना का पटतं, याचा विचार आपण बुद्धिवादी म्हणवणारे फार कमी करतो. ते लगेच मिळतं, पंधरा दिवस रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. त्यात पुढे काय करायचं तेही सांगितलेलं असतं : कोंबडं, नारळ, अंगारा. आणि दुःखाला एक धनी मिळतो. अमक्या म्हातारीनं करणी केली, अमक्या घराची नजर लागली. त्या म्हातारीचं पुढे काय होतं हेही आपण पाहिलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द गावात जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारलं. मार खाणारे दलित होते. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. तो यावा म्हणून आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, तेव्हा कुठे सरकारनं अध्यादेश काढला. कायदा हवाच. पण कायदा मांत्रिकाला अटक करू शकतो, “आमच्याच घरात काहून” याचं उत्तर देऊ शकत नाही.

उत्तर असं आहे.

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि अंगभर पोचवतं. हे हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची कृती आपल्याला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. सिकलसेलमध्ये त्या कृतीत एकाच अक्षराचा फरक असतो. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलिन बसतं. साखळी १४६ मण्यांची आणि बदल एका मण्याचा. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या बनतात, आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं ठणकतात. पानथरी लहानपणीच निकामी होत जाते, म्हणून साधा ताप अशा मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

हे सगळं होतं दोन्ही प्रती तशा असतील तर. एकच प्रत तशी असेल तर माणूस वाहक, एएस. वाहक रोगी नसतो. शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो, त्याला सहसा पत्ताही नसतो.

मग हा बदल आमच्याच रक्तात का? इथे गोष्ट हिवतापावर येते. अँथनी अॅलिसन या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून १९५४ मध्ये दाखवून दिलं की वाहक असलेल्या मुलांना हिवतापाच्या जीवघेण्या प्रकारापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणूनच हिवतापाच्या मुलखांत हा बदल टिकला : आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये, नीलगिरीत, आपल्या झाडीपट्टीत. आपल्या खापरपणज्यांच्या काळात तापानं गावं ओस पडत. त्यातून जी लेकरं तगली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात ही एक वेगळी प्रत होती. तीच जगली, मोठी झाली, त्यांनीच घरं पुढे चालवली. ज्या बदलानं पणजोबांना वाचवलं तोच आईकडूनही आणि बापाकडूनही आला की लेकराचं हाड ठणकतं. यात कोणाचा कोप नाही, कोणाचं पाप नाही आणि शेजारच्या म्हातारीचा तर काहीच संबंध नाही.

त्या बाईला हे समजलं असतं. डास, ताप, आजोबा, लेकरू, यातला एकही शब्द तिला परका नव्हता.

आणि हे उत्तर ज्या विचारावर उभं आहे त्याचं नाव उत्क्रांती. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचं लिहून किंवा सांगून ठेवलेलं नाही, असं कारण दिलं. देशातल्या विज्ञान अकादमींनी त्याचा निषेध केला, लोक हसले, विषय संपला असं वाटलं. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती गेली आणि आनुवंशिकता उरली. म्हणजे आजार आईबापाकडून आला एवढं पोरांना शिकवायचं, तो आईबापाकडे कसा आला ते मात्र शिकवायचं नाही. ती रिकामी जागा भरायला मागचा जन्म दारात उभाच असतो.

या मागच्या जन्माशी बाबासाहेबांनी कसा सामना केला ते आपल्यातल्या फार थोड्यांनी नीट वाचलं आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ प्रत्येक विहारात असतो, बऱ्याचदा कापडात गुंडाळून. त्याच्या चौथ्या खंडात कर्माची चर्चा आहे. तिथे ते वाचकाला ज्ञानेश्वरी किंवा गीता यांच्याकडे नेत नाहीत, आनुवंशिकतेच्या शास्त्राकडे नेतात. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : शास्त्र म्हणतं की मूल आपले गुणधर्म आईबापांकडून घेतं. पूर्वकर्माचा सिद्धांत म्हणतो की मूल आईबापांकडून शरीराशिवाय काही घेत नाही, जे काही आणतं ते स्वतःच्याच मागच्या जन्मातून आणतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. आणि माणसाच्या हालअपेष्टा त्याच्याच पूर्वकर्मावर ढकलल्या की राज्याची आणि समाजाची जबाबदारी संपते, हेही ते बजावतात.

हा ग्रंथ १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झाला. नागपूरला धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. त्याच ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्राम यांचा लेख ‘नेचर’मध्ये छापून आला. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमधला फरक एका छोट्या तुकड्यात आहे हे त्यांनी त्यात दाखवलं, आणि तो एका अमिनो आम्लाचा आहे हे पुढच्या वर्षी नक्की केलं. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहून कळवलं की मध्य भारतात, महार समाजातही, सिकलसेल आहे. दीक्षाभूमीवर जमलेल्या लाखो लोकांत अनेकांच्या अंगात ही प्रत होती. ती मागच्या जन्माची नव्हती, आजा-पणज्याची होती.

एक सावधगिरी मात्र बाळगू या. बाबासाहेबांना सिकलसेलचं आधीच ठाऊक होतं, किंवा तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी डीएनए सांगून ठेवला होता, असली भाषणं मी आपल्याच मंचांवर ऐकली आहेत. पुष्पक विमान आणि प्राचीन प्लास्टिक सर्जरी सांगणाऱ्यांवर आपण हसतो, आणि मग हेच करतो. बाबासाहेबांनी भविष्य सांगितलं नाही. त्यांनी आपल्या काळातलं शास्त्र वाचलं आणि धर्माचा दावा त्याच्यापुढे तपासायला ठेवला. मला त्यांचं मोठेपण यात दिसतं.

तथागतांचंही तसंच. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाशी त्यांचा संवाद आहे. सीवक विचारतो, काही श्रमण म्हणतात की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे. आपलं काय म्हणणं? बुद्ध सांगतात की काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही ऋतू बदलल्यानं, काही स्वतःच्या हयगयीमुळे, काही मार लागल्यानं. कर्मविपाक त्या यादीत आहे, पण आठांपैकी एक आणि सगळ्यात शेवटी. सगळं पूर्वकर्मामुळेच असं म्हणणारे, डोळ्यांसमोर दिसतं त्याच्याही पलीकडे जातात, असं ते स्पष्ट म्हणतात. पित्त-कफ-वात हे तेव्हाचं वैद्यक. आजचं वैद्यक त्याच्या कितीतरी पुढे गेलं आहे. पण आजाराचं कारण आजारात शोधायचं, ही दिशा तिथे आहे.

मग आपल्या पोराच्या मनगटात तीन दोरे कुठून आले?

माझं मत लिहिते, कोणाला राग आला तर येऊ द्या. आपण देव सोडले. ते सोपं नव्हतं, आपल्या आजीनं देव्हारा नदीत सोडला तेव्हा तिचे हात थरथरले असतील. पण देव सोडल्यानं प्रश्न विचारण्याची सवय आपोआप लागत नाही. मूर्ती गेली तरी भीती घरातच राहते, आणि मूल तापानं फणफणलं की ती पहिला मिळेल तो दोरा पकडते. उलट्या बाजूनं, माझ्यासारखा नास्तिकही काही फार शहाणा असतो असं नाही. देव नाही हे मला कळलं होतं, पण समोरच्या आईला काय कळायला हवं ते कळलं नव्हतं. परित्राण पाठाला माझा विरोध नाही. आजारी माणसाजवळ चार माणसं बसली, त्रिसरण-पंचशील म्हटलं, त्याला धीर आला, तर चांगलंच आहे. दोरा गोळीच्या जागी आला की माझा विरोध सुरू होतो. पाठ ऐकून पाणी प्यायचं तर प्या. सिकलसेलच्या मुलाला पाणी भरपूर लागतंच.

धर्मांध माणूस मूर्ख असतो असंही समजू नका. यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ घ्या. बायबलमधल्या रक्त वर्ज्य करण्याच्या वचनांचा अर्थ लावून त्यांनी १९४५ पासून रक्त चढवून घेणं निषिद्ध मानलं. ही माणसं दवाखान्यात जातात, शस्त्रक्रिया करून घेतात, बाकी सगळी औषधं घेतात, मुलांवर आपल्याइतकीच माया करतात. फक्त ते एक वाक्य पुन्हा तपासायचं नाही, एवढंच ठरलेलं. आणि सिकलसेलच्या मुलाची पानथरी अचानक फुगून रक्त तिथेच साचलं, तर रक्त चढवण्यावाचून इलाज नसतो. इंग्लंडमध्ये अशा प्रसंगी लहान मुलासाठी डॉक्टरांना न्यायालयाचा आदेश आणावा लागलेला आहे. धर्मांधतेची माझी व्याख्या एवढीच आहे : अशी एखादी ओळ, जी मूल मरत असतानाही खोडायची नाही.

अशा ओळी आपल्याकडेही तयार होतात, आणि त्यांना देव लागत नाही. एका गावात आम्ही तपासणी शिबिर लावलं तेव्हा आपल्याच एका कार्यकर्त्यानं ते बंद पाडलं. म्हणे, हा ‘महारांचा आजार’ म्हणून आपल्याला बदनाम करण्याचा डाव आहे. त्याचा संशय हवेतून आलेला नव्हता. अमेरिकेत १९१० मध्ये डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. रुग्ण ग्रेनाडा बेटावरून आलेला काळा विद्यार्थी होता. पुढे कित्येक वर्षं तिथले डॉक्टर हा काळ्या रक्ताचाच आजार मानत. गोऱ्या माणसात सापडला तर त्याच्या वंशात कुठेतरी काळं रक्त मिसळलं असणार, असं म्हणत. शास्त्राच्या नावानं चाललेला हा वर्णभेदच होता. पण पुढे ग्रीसमध्ये रुग्ण सापडले, १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत सापडले, आणि ते म्हणणं टाकून द्यावं लागलं. विदर्भातही गोंड, कुणबी, तेली अशा अनेक समाजांत सिकलसेल आहे. पुरावा आल्यावर शास्त्र बदललं. आमचा तो कार्यकर्ता मात्र बदलला नाही, आणि त्या गावातली तपासणी चार वर्षं मागे पडली.

आता लग्नाबद्दल. हा विषय सगळ्यात नाजूक आहे आणि इथे सुशिक्षितच जास्त चुकतात.

नियम सोपा आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता मूल रुग्ण असण्याची, चारात दोन वाहक असण्याची, चारात एक अगदी मोकळं असण्याची. एक वाहक आणि दुसरा मोकळा असेल तर मूल रुग्ण होत नाही, फार तर वाहक होतं. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी करावी. दोघांची, एकट्या मुलीची नव्हे. साध्या सोल्युबिलिटी चाचणीवर थांबू नका. तिच्यात वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत, आणि बीटा थॅलेसेमियाचा वाहक तर तिच्यात दिसतच नाही. तो सिकलसेलच्या वाहकाशी जोडला गेला तरी मूल आजारी होऊ शकतं. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या.

पण मी काय पाहिलं? मुलगी पदवीधर, नोकरी करणारी, वाहक. मुलाकडच्यांनी “तुमच्या मुलीला रोग आहे” म्हणून लग्न मोडलं. मुलाची तपासणी केली का विचारलं तर म्हणाले, त्याला काय गरज, तो धडधाकट आहे. वाहकही धडधाकटच असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी पत्रिका बघणं सोडलं होतं, आणि रक्ताच्या रिपोर्टालाच पत्रिका केलं होतं. ‘मंगळ’ जाऊन ‘एएस’ आला. १९७० च्या दशकात अमेरिकेत वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारण्याचा प्रकार झाला, तोही याच जातीचा. रिपोर्ट खरा होता, वाचणाऱ्याचं डोकं जुनं होतं.

ती बाई दोन वर्षांनी परत आली हे सांगायचं राहिलं. पोटुशी होती. नर्सबाईंनी बरोबर आणलं होतं, नाहीतर माझ्या दारात ती कशाला येते. मी आधी माफी मागितली. मग तिच्या नवऱ्याचंही रक्त घेतलं. दोघंही वाहक, हे उघडच होतं. तिनं विचारलं, “एक त गेला. आता बाकीचे तीन चांगले निघतीन ना जी?”

हा गैरसमज मी शिकलेल्या लोकांतही पाहिला आहे. मी कागदाच्या चार चिठ्ठ्या केल्या, एकीवर फुली, दोघींवर टिंब, एक कोरी. डब्यात टाकून तिला एक काढायला लावली. टिंब निघालं. चिठ्ठी परत डब्यात टाकली, पुन्हा काढायला लावली. फुली. परत टाकली, पुन्हा काढली, पुन्हा फुली. ती डब्याकडे बघत राहिली. म्हणाली, “म्हन्जे डब्याले मागचं याद राहत नाई.” मी आजवर यापेक्षा सोपं कोणाला सांगता आलेलं ऐकलं नाही.

गर्भात तपासणी करण्याची सोय तेव्हा आमच्या भागात नव्हती. आता दहा-बारा आठवड्यांत वारेचा अंश घेऊन ती करता येते. दोघं वाहक असाल तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. तिनं मूल वर्षाचं झाल्यावर आणलं. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे दुखणं सहसा सहा महिन्यांनंतर दिसू लागतं. रिपोर्ट आला, एएस. ती हसली नाही, रडली नाही. “म्हन्जे याचं लग्न करताना पोरीचं रक्त पाहा लागन,” एवढंच म्हणाली. आणि लगेच स्वतःच दुरुस्ती केली, “पोरीकडच्यायनंबी याचं पाहा लागन.”

मुलाच्या मनगटात एक पांढरा दोरा होता. मी काही बोलले नाही.

एसएस मूल आज पूर्वीसारखं निराधार नाही. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीनं रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, दुखण्याचे झटके कमी होतात. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या दिवशी रक्त तपासत घ्यायची असते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना पेनिसिलिन, सगळ्यांना फॉलिक अॅसिड, न्यूमोनियाची लस. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र मनानं सुरू करू नका. आधी लोह कमी आहे का ते तपासा. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं आहे, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. आपल्या गावात तपासणी पोचली का, हे आशाताईंना विचारा. पोचली नसेल तर ग्रामसभेत विचारा.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावागावांतून लोक लेकरं घेऊन दीक्षाभूमीवर येतात. रात्र उघड्यावर जाते, पहाटे गारवा असतो, दिवसा ऊन आणि गर्दीत पाण्याकडे दुर्लक्ष होतं. सिकलसेलच्या मुलाला थंडी, तहान आणि दमणूक या तिन्ही गोष्टी त्रास देतात. त्याला घरी ठेवा असं मी म्हणणार नाही. स्वेटर आणि कानटोपी घ्या, पाण्याची बाटली त्याच्याच हातात द्या आणि तासातासाला प्यायला लावा, फार चालवू नका, खांद्यावर घ्या. गोळ्या आणि तपासणीचं कार्ड आईच्या पिशवीत असू द्या. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, श्वास लागला, डाव्या बरगडीखाली पोट फुगलं किंवा हातपाय लुळे वाटले, तर सकाळची वाट पाहू नका. मैदानावर वैद्यकीय मदतीचे मंडप असतात. पोचल्याबरोबर आधी ते कुठे आहेत ते पाहून ठेवा, मग पुस्तकांच्या स्टॉलकडे वळा.